पूर ओसरला, धसका बसून राहिला

नागपूरच्या एका ताईंचं पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. वय 47, नाग नदीलगतच्या एका ले-आउटमध्ये तळमजल्याचं घर. घरात नवरा, कॉलेजात जाणारा मुलगा आणि ऐंशीला टेकलेल्या सासूबाई. 22 सप्टेंबर 2023 ला, शुक्रवारी, त्यांच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण झालं. पाहुण्यांना सोडायला नवरा वर्ध्याला गेला आणि उशीर झाला म्हणून तिथंच थांबला. मध्यरात्रीनंतर धो-धो पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, लाइट गेली आणि तीनच्या सुमारास घरात पाणी शिरलं. कमरेएवढ्या पाण्यात ताईंनी आणि तेव्हा पंधरा वर्षांच्या मुलानं सासूबाईंना स्वयंपाकाच्या ओट्यावर चढवलं. सकाळी बोट येईपर्यंत तिघं तिथंच होते. महालक्ष्म्यांचे मुखवटे दोन दिवसांनी गाळात सापडले.

हा तिसरा पावसाळा. ताई रोज रात्री अडीच-तीनला जाग्या होतात, उठून दाराखालची फट आणि बाहेरची नाली टॉर्चनं पाहून येतात. पावसाळ्यात दिवसातून कितीदा मोबाइलवर हवामान पाहतात याचा हिशेब नाही. मैत्रिणीनं योगवर्गाला नेलं, तिथं डोळे मिटल्यावर जीव घाबरा झाला. शेजारणीनं दिलेली झोपेची अर्धी गोळी कधीमधी घेतात. महालक्ष्म्या दोन वर्षं जावेकडे बसतात. सासूबाई म्हणतात, यंदा आपल्याच घरी. घर विकून वरच्या मजल्यावर फ्लॅट घेऊ म्हटलं तर नवरा म्हणतो, "झालं ना आता, काहून त्याच्यातच बसून राहिली?" पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलंय: "ताई, आमचं तर फक्त सामान गेलं. ज्यांचं माणूस गेलं तेही सावरले. मग मीच काहून अशी झाली? माझं मन इतकं कच्चं आहे का?"

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना पाऊसच दिसला. पत्रात तो पानोपानी आहे. तिसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर थांबले. ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे: "वरच्यांनी पाट जरी आपटला तरी छातीत धस्स होते, भर उन्हाळ्यातही." आणि त्याच्या बऱ्याच आधी, त्या रात्रीच्या वर्णनात: "अंधारात फ्रीज तरंगून दारावर धडकून राहिला होता, तो आवाज सकाळपर्यंत चालला." या दोन ओळी तुम्ही एकमेकींशेजारी ठेवलेल्या नाहीत. मी ठेवून पाहते आहे. तुम्हाला पावसाची भीती वाटते हे खरंच, पण तुमच्या अंगात जो दडून बसलाय तो बहुतेक तो धप्प आवाज आहे. म्हणून तर मे महिन्यातही सुटका नाही. आणि म्हणूनच "पावसाळा गेला की बरी होईन" असं दरवर्षी वाटतं आणि दरवर्षी ते फोल ठरतं.

आपल्या भाषेत याला फार नेमका शब्द आहे. आपण म्हणतो, तिला धसका बसला. धसका आला असं म्हणत नाही आपण, बसला म्हणतो. तो मनात कमी आणि अंगात जास्त बसतो, हे जुन्या बायकांना डॉक्टरांच्या आधी कळलं होतं असं मला कायम वाटतं. डॉक्टरी पुस्तकात ही गोष्ट पुष्कळ उशिरा आली. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 1980 साली आपल्या निदानसूचीत पीटीएसडी (जबर आघातानंतर मागे राहणारा ताणाचा विकार) हे नाव घातलं, तेही व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची दशा पाहून जो आग्रह धरला गेला त्यानंतर. त्यामुळे आजही लोकांना वाटतं, हे युद्धावरच्या माणसांचं दुखणं. तुम्हाला पीटीएसडी आहे की नाही हे मी पत्रावरून सांगणार नाही, ते समोर बसून तपासणाऱ्यानंच सांगावं. पण स्वयंपाकघराच्या ओट्यावरही ते होऊ शकतं, एवढं नक्की.

"फक्त सामान गेलं" हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. ते तुम्ही नुकसानभरपाईच्या यादीसारखं लिहिलंय: फ्रीज, दिवाण, गव्हाच्या कोठ्या, मुलाची पुस्तकं. पंचनाम्यात एवढंच बसतं. पण अंधारात, पाणी चढत असताना, कोणाचा फोन लागत नसताना, एका म्हाताऱ्या बाईचा आणि एका पोराचा जीव आपल्या हातात आहे आणि आपण वाचवू शकू की नाही ठाऊक नाही, हे तीन तास कोणत्या रकान्यात भरायचे? धसका हा काय गेलं यावर ठरत नाही. त्या वेळी आपण किती असहाय होतो, किती एकटे होतो, यावर पुष्कळ ठरतो. ज्यांचं माणूस गेलं त्यांचं दुःख मोठंच आहे. पण ते सावरले हे तुम्हाला कसं कळलं? बाहेरून तर तुम्हीही सावरलेल्याच दिसत असाल. डबा होतो, सण होतात, हळदीकुंकू होतं. रात्री अडीचला टॉर्च घेऊन उभी असलेली बाई गल्लीत कोणाला दिसते?

आता ते एक, जे तुम्ही अर्ध्या ओळीत लिहून खोडलंय. खोडलेलं मला वाचता आलं. सासूबाईंनी "सूनबाई, उचल व मला" अशी हाक मारली आणि तुम्ही काही वेळ हललाच नाहीत. पाय जागचे उचलेनात. मुलगा ओरडला तेव्हा भानावर आलात. मला वाटतं, पूर एकीकडे आणि हे एकीकडे, असं तुम्ही मनात वजन केलंय आणि हेच जड निघालंय.

ऐका. संकटात माणूस लढतो किंवा पळतो, एवढंच आपल्याला माहीत असतं. तिसरी गोष्ट आहे थिजणं. मांजर समोर आलं की उंदीर जसा दगड होतो तसं. ते आपण ठरवत नाही. विचार करणारा मेंदू निर्णयाला पोचायच्या आधीच खालच्या, जुन्या मेंदूनं अंगाला ब्रेक लावलेला असतो. स्नायू आखडतात, आवाज फुटत नाही, वेळ ताणल्यासारखा वाटतो. शूर माणसांचंही होतं, आईचंही होतं. त्यात माया कमी असण्याचा काडीचा संबंध नाही. त्यानंतर तुम्ही त्यांना उचललं. ओट्यावर बसवलं, साडी ओली म्हणून वरच्या फळीवरचा टेबलक्लॉथ त्यांच्या अंगावर टाकला, हे तुमच्याच पत्रात आहे. ते तुम्ही खोडलेलं नाही, पण मोजलेलंही नाही.

अंगात नेमकं काय चाललंय तेही थोडक्यात सांगते, कारण कळलं की लाज कमी होते. मेंदूत बदामाएवढा एक भाग आहे, अमिग्डला. त्याचं काम पहारेकऱ्याचं. धोका ओळखायचा आणि शिट्टी फुंकायची. शिट्टी वाजली की अ‍ॅड्रिनलिन सुटतं, छाती धडधडते, तळहातांना घाम येतो, पोटात गोळा येतो. आठवणींना जागा आणि वेळ लावून देणारा भाग वेगळा, हिप्पोकॅम्पस. जिवावरच्या प्रसंगात पहारेकरी इतका जोरात ओरडत असतो की या दुसऱ्याची नोंद अर्धवट राहते. मग ती आठवण "तेव्हा, त्या रात्री" अशी परत येत नाही, "आत्ता" अशी येते. धप्प आवाज, ओल्या गादीचा वास, आंबिलीचा वास (तुम्ही लिहिलंय, जावेकडे आंबीलीचं पातेलं पाहून मळमळलं) एवढा तुकडाही पुरतो. त्या दिवशी जेवणात आंबील होती, पाण्यात ती सांडली होती. पहारेकऱ्यानं तीही संशयितांच्या यादीत टाकली.

अशा पहारेकऱ्याला "घाबरू नको" म्हणून उपयोग नाही. तो शब्द ऐकत नाही. तुमचे यजमान, तुमची बहीण, व्हॉट्सअ‍ॅपवरचे "पॉझिटिव्ह राहा" हे सगळे त्याच्याशी शब्दांत बोलताहेत. त्याला कळतं ते फक्त अंगातून कळतं.

रात्री जाग आली की पहिलं काम, अंथरुणावर उठून बसा आणि दोन्ही अनवाणी पावलं फरशीवर टेकवा. टाच आणि बोटं दाबून पाहा. फरशी कोरडी आहे. त्या रात्री तुमच्या पावलांना सगळ्यात आधी जे कळलं होतं, ते पाणी होतं. आता त्याच पावलांना कोरडं लागू द्या. डोळे उघडेच ठेवा, दिवा लावा, आणि तोंडानं बोला: आजचा वार, तारीख, साल, लाइट आहे, मुलगा आत झोपलाय. मग श्वास. आत घेताना चारपर्यंत मोजा, सोडताना सहा-सात. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, हे शरीराचं साधं गणित आहे, म्हणून सोडणं लांबवायचं. फुंकर घातल्यासारखा सोडा, किंवा भ्रामरीसारखा गुणगुणत सोडा. पाचेक मिनिटं पुरे. छाती फारच उडत असेल तर बेसिनवर जाऊन गार पाण्याचे हबके तोंडावर मारा. त्यानंही ठोके उतरतात. तुम्हाला तोंडावरचं पाणीच सहन होत नसेल तर हे करू नका, ओला रुमाल मानेवर ठेवा.

योगवर्गात डोळे मिटल्यावर घाबरलात, तर "मला ध्यानही जमत नाही" असं लिहिलंत. तुम्हाला जमत नाही असं नाही, त्या घडीला ते तुमच्यासाठी चुकीचं औषध होतं. धसका बसलेल्या पुष्कळ जणांना अंधार आणि शांतता मिळाली की पहारेकरी उलट जास्त कान टवकारतो. अशांनी उघड्या डोळ्यांनी, हलत्या अंगानं सुरुवात करावी. चालणं, झाडणं, कणीक तिंबणं, दोरीवर धुतलेल्या चादरी झटकून टाकणं. योग शिकवणाऱ्यांनाही माझी विनंती आहे की वर्गात "डोळे मिटा" म्हणताना "नको वाटलं तर उघडे ठेवा" एवढं जोडत जा.

आता जरा कठीण सांगते. दाराची फट, नाली, मोबाइल. तुम्ही पाहून येता, पाणी नसतं, जिवात जीव येतो. पण त्यातून पहारेकरी काय शिकतो? "पाहिलं म्हणून वाचलो." पाणी नव्हतंच, हे तो कधी शिकतच नाही. म्हणून पुन्हा उद्या अडीचला उठवतो. मनाला आराम देणारी हीच गोष्ट दुखणं जिवंत ठेवते आहे.

पण मी तुम्हाला "काही होत नाही, झोपा" असंही म्हणणार नाही, कारण तुमची भीती हवेतली नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि अंबाझरीखालच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, हे घडलेलं आहे. ओव्हरफ्लोचा प्रश्न रहिवाशांनी नागपूर खंडपीठापर्यंत नेला. तेव्हा तयारी करायचीच, फक्त ती दिवसा, एकदाच आणि घरच्यांनी मिळून करायची. कागदपत्रं झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून वरच्यांच्या कपाटात. वरच्या बिऱ्हाडाशी स्पष्ट बोलून ठेवा की पाऊस वाढला तर सासूबाईंना रात्री किती वाजताही वर आणू. चार्ज केलेला टॉर्च एका खिळ्यावर. 112 हा नंबर सगळ्यांना पाठ. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा संध्याकाळी एकदा पाहायचा, तोही मुलानं पाहून सांगायचा. ऑरेंज किंवा रेड असेल तर झोपायच्या आधीच सासूबाई वर जातील, हा घरचा नियम. नसेल तर रात्री नाली पाहायची नाही. एकदम बंद होणार नाही. आधी उठल्यावर दहा मिनिटं थांबून मग जा, आठवड्यानं वीस. पुष्कळदा त्या वीस मिनिटांत जाण्याची निकड आपोआप उतरते. पावलं फरशीवर टेकवणं हे पलंगाशी, आणि फटीपाशी जाणं म्हणजे पहारा, एवढा फरक लक्षात ठेवा.

धप्प आवाजाचंही हळूहळू करता येईल. दुपारी, घरात कोणी असताना, तुम्ही स्वतः पाट आपटा. हसू नका, खरंच सांगते. आवाज केव्हा होणार हे तुमच्या हातात आहे, हा त्यातला मुद्दा. छातीत धस्स होईल, पावलं टेकवा, श्वास लांब सोडा, उतरेपर्यंत थांबा, मग दुसरा. मोबाइलवरचा पावसाचा आवाज आधी अगदी बारीक लावून. नंतर रिमझिमीत मैत्रिणीबरोबर व्हरांड्यात चहा. अंबाझरीच्या काठावर जाणं या यादीत फार शेवटी येईल, आणि नाही आलं तरी बिघडत नाही. पण जर यातलं काही करताना त्या रात्रीचं चित्रच डोळ्यांपुढे उभं राहत असेल, किंवा आपण इथं नाहीच असं वाटत असेल, तर घरी एकटीनं करू नका. ते काम जाणकाराबरोबर करायचं.

आणि जाणकाराकडे तुम्ही जावंच असं माझं मत आहे. महिन्याहून जास्त काळ झोपमोड, चिडचिड, दचकणं आणि टाळाटाळ अशी राहिली तर थांबायचं नाही, आणि तुम्हाला तर तिसरा पावसाळा. मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, नागपुरातल्या या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराचा विभाग आहे. तिथवर जायचा धीर होत नसेल तर आधी टेलिमानसला फोन करा, 14416. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतं, मराठीत बोलता येतं. धसक्यावर केंद्रित असलेली सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या आधारानं आठवण हाताळणारी) या दोन उपचारपद्धती जागतिक आरोग्य संघटनेनंही सुचवल्या आहेत. डॉक्टरांना थेट विचारा, "या दोन्हींपैकी काही इथं होतं का?" असं विचारायला संकोचू नका. गरज वाटली तर ते औषधही देतील. शेजारणीची अर्धी गोळी मात्र सोडा. तिच्या स्ट्रिपवर अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम असं काही असेल तर त्या गोळ्यांची सवय लागते आणि धसक्यावर त्या लांबचा इलाज नाहीत. रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना सांगून कमी करा.

यजमानांबद्दल. ते त्या रात्री वर्ध्याला होते. ओटा त्यांनी पाहिला तो दुसऱ्या दिवशी, गाळानं भरलेला. त्यांच्यासाठी ती गोष्ट "झालं" आहे कारण त्यांच्या अंगात ती रात्र नाही. आणि कदाचित आपण नव्हतो ही बोच असेल, म्हणून विषय निघाला की ते दार लावून घेत असतील. त्यांना समजावत बसू नका. एकच ठरावीक काम द्या: "मी रात्री उठले तर काही बोलू नका, फक्त दिवा लावा आणि शेजारी बसा." पुरुषांना काय वाटावं हे सांगण्यापेक्षा काय करावं हे सांगितलेलं झेपतं, असा माझा अनुभव आहे. मुलालाही एकदा विचारा. पंधराव्या वर्षी पाण्याच्या रेट्याविरुद्ध दार उघडायचा प्रयत्न त्यानं केला होता. तो "मला काही नाही" म्हणाला असं लिहिलंत. विचारलं होतं कोणी, की त्यानं आपणहून सांगितलं?

घर विकायचं का? या पावसाळ्यात ठरवू नका. दिवाळीनंतर ठरवा. पाण्याच्या वाटेवरचं घर सोडणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो, मी त्याच्या विरोधात नाही. पण धप्प आवाज तिसऱ्या मजल्यावरही होतो. झोप परत आल्यावर, हिशेब मांडून, चौघांनी बसून ठरवलं तर ते घर बदलणं होईल, नाहीतर पळणं होईल आणि धसका ट्रकमध्ये सामानाबरोबर येईल.

आणि महालक्ष्म्या. सासूबाईंचा हट्ट आणि तुमची भीती यांत तुम्ही दोनच वाटा पाहता आहात. एकतर सगळं पूर्वीसारखं, मखर, फुलोरा, सोळा भाज्या, पन्नास पानं, किंवा काहीच नाही आणि देवीला सोडल्याचं पाप. मधे पुष्कळ वाटा आहेत. यंदाही मुखवटे जावेकडेच बसू द्या, पण आंबील तुमच्या घरून, तुमच्या हातची जाऊ द्या. त्याआधी श्रावणात एखाद्या दुपारी उगीच वाटीभर करून पाहा, खिडक्या उघड्या ठेवून, वास नको झाला तर गॅस बंद करून अंगणात जायची मुभा ठेवून. पुढच्या वर्षी एक दिवस, तीन पानं. देवी आवाहनाला येते तशी विसर्जनाला जातेही. ती त्या वर्षी विसर्जनाच्याच पहाटे पाण्यात गेली, हे मी कोणाचं सांत्वन म्हणून सांगत नाही, पंचांगात तसंच होतं.

एक गोष्ट पत्रात कुठेच नाही. त्या ओट्यावर तीन तास बसलेल्या सासूबाईंना काय वाटतं, ते. "आपल्याच घरी" हा हट्ट त्यांचा धसका असू शकतो, तुमच्यासारखाच, फक्त उलट्या बाजूनं आलेला. त्यांच्याशी बोला. स्वयंपाकघरात नको, अंगणात खुर्च्या टाकून, उजेडी. त्या रात्रीपासून सुरुवात नका करू. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांना फुलोऱ्यात काय काय बांधलं होतं, ते विचारा.